वाहतं पाणी, होलोग्राम आणि आमचा पोपट

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मॅगझिन सेक्रेटरीने सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर सांगत नाहीये ना! पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, तिथे मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज. जोडाक्षरं आली की अजूनही पेन अडखळतं. शुद्धलेखन संपादक मंडळ बघून घेईलच. पण हा विषय मला मराठीतच सांगायचाय, कारण तो ज्यांना सांगायचा आहे त्यांत मेसच्या मावशीसुद्धा आहेत, रेक्टर मॅडमसुद्धा आहेत, आणि मागच्या सेममध्ये लेडीज हॉस्टेलला दोन दिवस पाणी का नव्हतं याचं उत्तर याच लेखात आहे. (हो, ते आम्हीच.)

तर आमचा मिनी प्रोजेक्ट होता वाहत्या पाण्यातल्या प्लवकांचे होलोग्राम काढायचा. टी.ई. इन्स्ट्रुमेंटेशन, टीम दोघींची: मी आणि माझी रूममेट.

आधी प्लवक म्हणजे काय ते सांगते. इंग्रजीत प्लँक्टन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'भटकणारा'. व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये हे नाव दिलं. पाणी नेईल तिकडे जाणारे सगळे जीव यात येतात, मग ते दोन-चार मायक्रॉनचं शेवाळ असो की मिलिमीटरभर लांबीचा प्राणी. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो.) यातले हिरवे, म्हणजे वनस्पतिप्लवक, हे पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा उचलतात. झाडं लावा झाडं लावा म्हणतो आपण, पण निम्मं काम ही डोळ्यांना न दिसणारी मंडळी गुपचूप करत असतात.

आणि सगळेच काही साधेभोळे नसतात. माझ्या आजीच्या घोट्यावर एक जुना व्रण आहे, नारूचा. तिच्या माहेरी पायऱ्यांची विहीर होती, सगळा गाव त्यात उतरून पाणी भरायचा. नारूची अळी सायक्लॉप्स नावाच्या प्राणिप्लवकाच्या पोटात वाढते आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर आपल्या पोटात गेला की वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर येतो. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्याआधी गावोगाव जे उपाय शिकवले गेले त्यांतला मुख्य उपाय म्हणजे पाणी फडक्यातून गाळून प्या. आजी अजूनही नळाला फडकं बांधते. फिल्टर बसवला तरी बांधते. प्रोजेक्टचा विषय निवडताना माझ्या डोक्यात तेच होतं, की ज्याने आजीला सहा महिने खाटेवर झोपवलं तो सायक्लॉप्स एकदा बघायचा, आणि तोही मेलेला, काचेवर चिकटवलेला नाही. पोहणारा.

आता यात अडचण काय? मायक्रोस्कोप आहे की!

अडचण आहे खोलीची. १० एक्सच्या साध्या ऑब्जेक्टिव्हखाली सुमारे ८ मायक्रॉन जाडीचा थरच स्पष्ट दिसतो. त्याच्या वरचं आणि खालचं सगळं धूसर. बायॉलॉजीवाले प्लवक मोजायला सेजविक-राफ्टर नावाची काचेची डबी वापरतात. ती ५० मि.मी. लांब, २० मि.मी. रुंद आणि १ मि.मी. खोल, म्हणजे बरोबर १ मि.ली. पाणी मावतं. या १००० मायक्रॉन खोलीतले ८ मायक्रॉन एका वेळी दिसणार, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. म्हणून ते पाण्यात औषध घालून जीवांना मारतात, तळाशी बसू देतात आणि मग मोजतात. पद्धत उत्तम आहे, पण वेळखाऊ, आणि नाजूक जीव त्यात फाटतात, आक्रसतात. आणि पाणी वाहतं असेल तर विषयच संपला. फोकसचा स्क्रू फिरवेपर्यंत बाईसाहेब पुढच्या गावाला!

होलोग्रामची गंमत अशी, की इथे फोटो काढताना फोकस करायचाच नाही. तो नंतर करायचा, कॉम्प्युटरवर, निवांत, कटिंग पीत पीत.

कसं ते बघा. लेझरचा प्रकाश पाण्यातून सरळ खाली येतोय आणि खाली कॅमेऱ्याचा सेन्सर आहे, लेन्स काढून टाकलेला, उघडा. पाण्यात काहीच नसेल तर सेन्सरवर सगळीकडे सारखा उजेड पडेल. आता मध्ये एक पेशी आली. तिच्यावर आपटलेला प्रकाश गोल लाटेसारखा पसरतो, डबक्यात थेंब पडल्यावर पसरतात तशा लाटा. बाकीचा प्रकाश आपला सरळच येतोय. या दोन्ही लाटा सेन्सरवर भेटतात. जिथे शिखराला शिखर मिळतं तिथे उजेड, जिथे शिखराला दरी मिळते तिथे अंधार. म्हणजे पेशीच्या जागी आपल्याला दिसतात एकात एक वलयं. हाच होलोग्राम. बघताना तो अगदी निरर्थक दिसतो, पण पेशी किती उंचीवर होती हे त्या वलयांच्या अंतरातच लिहिलेलं असतं.

किती उंचीवर, ते काढून बघू. सरळ येणारी लाट आणि पेशीकडून आलेली लाट यांच्या वाटेत एक तरंगलांबी इतका फरक पडला की पुढचं उजळ वलय. थोडं पायथागोरस केलं तर पहिल्या वलयाची त्रिज्या म्हणजे (२ × तरंगलांबी × अंतर) याचं वर्गमूळ. लाल लेझरची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन धरा. पेशी सेन्सरपासून २ मि.मी. वर असेल तर त्रिज्या सुमारे ५१ मायक्रॉन, ३ मि.मी. वर असेल तर सुमारे ६२. (काच आणि पाणी हिशेबात धरलं तर आकडे थोडे हलतात, कल्पना तीच.) अंतर चौपट झालं की वलय दुप्पट. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आमचा पोपट याच्यावरच झालाय.

ही कल्पना डेनिस गॅबर यांची, १९४७ ची. त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारायचा होता. तेव्हा लेझर नव्हता, तो १९६० मध्ये आला. म्हणजे आधी विद्या आली आणि तेरा वर्षांनी हत्यार. गॅबरना १९७१ चं नोबेल मिळालं. फिल्मच्या जागी सीसीडी सेन्सर आणि केमिकलच्या जागी कॉम्प्युटर हे १९९० च्या दशकात रुळलं, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांना ते हॉस्टेलच्या खोलीत करता येतं.

कॉम्प्युटर नेमकं काय करतो? सेन्सरवर पडलेला प्रकाश तो उलट्या दिशेने चालवतो. चित्राचा फूरिए ट्रान्सफॉर्म घ्यायचा (एम-थ्रीमध्ये रडत रडत शिकलो तोच), प्रत्येक घटकाला 'मागे २ मि.मी. गेलास तर तुझी फेज किती बदलेल' तेवढं फिरवायचं आणि उलटा ट्रान्सफॉर्म घ्यायचा. झालं, २ मि.मी. वरचं चित्र तयार. तेच २.०३, २.०६ असं करत ३ मि.मी. पर्यंत जायचं. पेशी ज्या उंचीवर सर्वात रेखीव दिसते ती तिची उंची. मला हे पहिल्यांदा चाललं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. स्क्रीनवर वलयं हळूहळू आत आत सरकली आणि एकदम तिथे धुळीचा एक तंतू उभा राहिला. साधा कापसाचा तंतू! मी रूममेटला उठवून दाखवला. तिने काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

आमचा सेटअप सांगते, कुणाला करायचा असेल तर. रास्पबेरी पायचा दुसऱ्या व्हर्जनचा कॅमेरा घेतला. त्याचे पिक्सेल १.१२ मायक्रॉनचे असतात. लेन्स अलगद फिरवून काढली. वर १० सेंमी अंतरावर लेझर पॉइंटरमधला डायोड, त्याचीही लेन्स काढलेली. मध्ये पाण्याची वाट: मायक्रोस्कोपच्या दोन काचपट्ट्या, त्यांच्यामध्ये कडेला तिसऱ्या पट्टीच्या कापलेल्या दोन चिंध्या, सगळं एरल्डाइटने चिकटवलेलं. वाट १ मि.मी. खोल, ४ मि.मी. रुंद. पाणी यायला-जायला सलाईनचा सेट. एका फोटोत साधारण १० घन मि.मी. पाणी येतं. मगाचच्या मायक्रोस्कोपखाली एका नजरेत येतं फार तर ०.०२ घन मि.मी. म्हणजे पाचशे पट फरक. मात्र कॅमेरा रंगीत असल्यामुळे लाल प्रकाशात फक्त लाल पिक्सेल कामाचे, ते २.२४ मायक्रॉनवर एक असतात, त्यामुळे ४-५ मायक्रॉनहून बारीक काही आम्हाला धड दिसत नाही. बॅक्टेरिया विसरा.

तलावाचं पहिलं पाणी सोडलं. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, काहीच नाही. पाणी हिरवंगार आणि फोटो कोरे! तीन दिवस कोड तपासत बसलो. शेवटी लॅबच्या काकांनी सलाईनचा सेट हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, याच्यात जाळी असते." थेंब पडतात त्या नळकांड्याच्या तळाशी १५ मायक्रॉनचा फिल्टर असतो, पेशंटच्या शिरेत कचरा जाऊ नये म्हणून. आमचे सगळे प्लवक तिथे वर अडकून बसले होते. थोडक्यात, आजीचं फडकं आम्ही न कळत बांधलं होतं. ते नळकांडंच कापून टाकलं.

मग वेगाचा प्रश्न. मेजरिंग सिलिंडर लावून बघितलं, दहा मिनिटांत ६ मि.ली. पाणी जातं. म्हणजे सेकंदाला १० घन मि.मी. वाटेचा छेद ४ चौरस मि.मी., तेव्हा सरासरी वेग २.५ मि.मी. प्रति सेकंद. पण वाटेच्या मधोमध पाणी दीडपट वेगाने धावतं आणि काचेला लागून जवळजवळ थांबलेलं असतं (फ्लुइड मेकॅनिक्समधला तो पॅराबोला, जो पाठ करून पेपरात काढला आणि विसरलो). मधला वेग ३.७५ मि.मी. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर सेकंदाचा तिसावा भाग असेल तर तेवढ्यात पेशी १२५ मायक्रॉन सरकते, वलयं पुसून जातात. सरकणं १ मायक्रॉनच्या आत हवं असेल तर उजेड पाव मिलिसेकंदाहून कमी वेळच पाहिजे. म्हणून कॅमेरा काळ्या डब्यात ठेवला आणि लेझरलाच अर्डुइनोवरून २०० मायक्रोसेकंदांचा झटका दिला. लग्नात फोटोग्राफर फ्लॅश मारतो तसा.

इथे अजून एक लोचा. हा स्वस्त कॅमेरा सगळं चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. झटका चुकीच्या वेळी पडला तर अर्ध्या ओळींना उजेड, अर्ध्यांना अंधार. त्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम लांब ठेवायचं आणि सगळ्या ओळी उघड्या असतील त्याच क्षणी झटका द्यायचा. हे जमायला एक आठवडा गेला.

लेझरऐवजी एलईडी का नाही, असं व्हायवात विचारलं गेलं. एलईडीचा प्रकाश आधी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून काढावा लागतो, आणि २०० मायक्रोसेकंदांत त्यातून उजेड इतका कमी येतो की आमच्या सेन्सरवर काळोखच. लेझरला उजेड भरपूर, पण काचेवरचा प्रत्येक धुळीचा कण आणि प्रत्येक ओरखडा स्वतःची वलयं काढत बसतो. चित्र म्हणजे रांगोळीवरून मांजर गेल्यासारखं.

आणि इथे वाहतं पाणी, जे इतके दिवस डोक्याला ताप होतं, ते मदतीला आलं. काचेवरची घाण जागची हलत नाही, प्लवक हलतात. शंभर फोटोंची सरासरी काढली की त्यात फक्त न हलणारं उरतं. प्रत्येक फोटोला त्या सरासरीने भागलं की घाण गायब, वाहणारे जीव शिल्लक. थांबलेल्या पाण्यात हे करताच येत नाही. प्रोजेक्टमधला माझा सर्वात आवडता भाग हाच आहे, आणि रिपोर्टमध्ये तो दीड ओळीत उरकावा लागला याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पोपट.

तलावाचं पाणी करायच्या आधी सहज म्हणून हॉस्टेलच्या टाकीचं पाणी लावलं. दर सेकंदाला एक असे दहा मिनिटांत ६०० फोटो. आमच्या प्रोग्रॅमने त्यात ४१२ गोल वस्तू मोजल्या, २० ते ४० मायक्रॉनच्या, सुबक, एकसारख्या. आम्ही ठरवून टाकलं, शेवाळ! गोल पेशींचं शेवाळ. त्याच संध्याकाळी रेक्टर मॅडमकडे गेलो, प्रिंटआउट घेऊन. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे मुली पितात?" दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करायची ऑर्डर निघाली. दोन दिवस टँकर, बादल्या, लाईन. मेसमध्ये पोळ्या बंद, भात आणि आमटी. मावशींनी खाली विहिरीवरून किती फेऱ्या मारल्या ते त्यांनाच माहीत. आम्ही मात्र फार मोठं समाजकार्य केल्यासारख्या फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी सरांना रिझल्ट दाखवला. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळे किती उंचीवर आहेत?"

आम्ही उंची काढलीच नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम काढत होता, फाईलमध्ये लिहीत होता, आम्ही बघितली नव्हती. होलोग्रामचा सगळा प्रोजेक्ट उंचीसाठी, आणि आम्ही चित्रं बघून खूश! ग्राफ काढला. तलावाच्या पाण्यातल्या वस्तू २ ते ३ मि.मी. मध्ये सगळीकडे पसरलेल्या येतात. या ४१२ च्या ४१२ मात्र वरच्या काचेला खेटून. शेवाळ वरच्या काचेला कशाला चिकटून जाईल? वर कोण जातं? हवा.

ते बुडबुडे होते. पाणी बाहेर नेणारी नळी खाली लोंबकळत होती, त्यामुळे वाटेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता आणि एरल्डाइटच्या एका कच्च्या जोडातून हवा आत खेचली जात होती. ३० मायक्रॉनचा बुडबुडा सेकंदाला साधारण अर्धा मि.मी. वर चढतो, म्हणजे दोन सेकंदांत छताला. कॅमेऱ्यापर्यंत यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. छताला लागला की तिथलं पाणी संथ, त्यामुळे तो रांगत रांगत जातो आणि कॅमेऱ्यासमोरून जायला पंधरा-सोळा सेकंद घेतो. दर सेकंदाला एक फोटो म्हणजे एकच बुडबुडा पंधरा-सोळा वेळा मोजला गेला. ४१२ भागिले १६. जेमतेम पंचवीस बुडबुड्यांसाठी आम्ही अख्खी टाकी उपसायला लावली होती.

खात्री करायला डिस्टिल्ड वॉटर सोडलं. त्यातही 'शेवाळ' आलं. ही चाचणी पहिल्या दिवशी करायला पाच मिनिटं लागली असती.

रेक्टर मॅडमकडे परत जायला रूममेट तयार नव्हती. तिचं म्हणणं, टाकी धुतली गेली ना, मग झालं तर, कशाला सांगायचं. अर्धा तास आमचं जिन्यात भांडण झालं. शेवटी गेलो दोघी. मॅडम ऐकून घेतल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, "म्हणजे पाणी चांगलं होतं?" त्याचंही उत्तर आमच्याकडे नव्हतं. टाकीतलं पाणी धुण्यात वाहून गेलं होतं आणि आमच्या फोटोंत बुडबुड्यांशिवाय बाकी जे काही होतं ते आम्ही वेगळं काढलंच नव्हतं. शिवाय पाणी पिण्यालायक आहे की नाही हे बॅक्टेरियावर ठरतं, आणि ते आमच्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत, हे मी वर लिहिलंच आहे. हे मॅडमना सांगताना जे वाटलं ते व्हायवाच्या दहापट होतं. मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तेही बरं नव्हतं.

जोड नीट केला, नळी वर उचलली, बाटलीची उंची बदलून वेग जुळवला (सलाईनचं चाक आवळून वेग कमी करू नका, त्यात मोठे जीव चिरडतात). त्यानंतर तलावाचं पाणी. रोटिफर आले, हिरव्या तंतूंचे तुकडे आले, आणि तिसऱ्या दिवशी, फोटो नंबर २३७ मध्ये, सुमारे दीडशे मायक्रॉनचा, तीन जोड पाय पसरलेला एक प्राणी. शेजारच्या सायन्स कॉलेजच्या झूलॉजीच्या मॅडमना दाखवला. सायक्लॉप्सच्या जातकुळीतलं पिल्लू, त्याला नॉप्लियस म्हणतात. पुढच्या फोटोत तो पाण्यापेक्षा वेगळ्याच दिशेला गेलेला होता आणि उंचीही बदललेली होती. म्हणजे पोहत होता.

हेच काम जगात कुठे पोचलंय ते थोडक्यात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोसेफ कॅट्झ यांच्या गटाने २००७ मध्ये शिकारी सूक्ष्मजीव भक्ष्य जवळ आल्यावर पोहण्याची पद्धत कशी बदलतात ते होलोग्रामने त्रिमितीत दाखवलं. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आयदोगान ओझकान यांच्या गटाने आमच्यासारखंच, म्हणजे आम्ही त्यांच्यासारखं, यंत्र प्रसिद्ध केलं. डब्याएवढं, वजन सुमारे किलोभर, तासाला १०० मि.ली. पाणी तपासणारं. त्यांच्याकडे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही प्रकाश एकदम चमकतात म्हणून चित्र रंगीत येतं. त्यांनी सहा समुद्रकिनाऱ्यांवरचं पाणी तपासून स्यूडोनिट्झ्शिया हे विषारी ठरू शकणारं शेवाळ मोजलं आणि ते आकडे तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांशी जुळले. हे शेवाळ साधं नाही. १९८७ मध्ये कॅनडात त्याचं विष शिंपल्यांतून माणसांच्या पोटात गेलं, शंभरावर लोक आजारी पडले आणि काही दगावले. तिथे चुकीचं मोजणं म्हणजे दोन दिवस पाणी बंद एवढ्यावर भागत नाही.

आमच्या यंत्राच्या दोन खोडी अजून सुटलेल्या नाहीत. एक म्हणजे भूत. सेन्सर फक्त उजेड किती ते मोजतो, लाटेची फेज त्याला कळत नाही. त्यामुळे पेशी सेन्सरच्या वर होती की तेवढ्याच अंतरावर खाली, हे त्याच्या दृष्टीने सारखंच, आणि प्रत्येक चित्राभोवती त्याच्या जुळ्याची पुसट वलयं राहतात. यूसीएलएवाल्यांनी यासाठी न्यूरल नेटवर्क शिकवलं, आमच्याकडे तेवढे फोटो नाहीत. दुसरी म्हणजे गर्दी. पाण्यात फार कण असले की सरळ येणारी लाटच उरत नाही, आणि मग भेटायला दुसरं कुणीच नाही. पावसाळ्यातलं गढूळ पाणी आम्ही दहापट पातळ करून लावतो.

सेटअप अप्लाइड फिजिक्सच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर आहे. कुणाला आपल्या गावच्या विहिरीचं, नदीचं पाणी बघायचं असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर आणा, सोमवार ते गुरुवार चारनंतर. आधी दहा मिनिटं डिस्टिल्ड वॉटर चालवतो, तेवढं थांबावं लागेल. दिवाळीत मी आजीच्या माहेरी जाणार आहे, त्या पायऱ्यांच्या विहिरीत अजून पाणी आहे म्हणे. फोनवर आजीला सांगितलं की नॉप्लियसचा फोटो आणते, तर म्हणाली, "फोटो आण गं बाई, पण पाणी आणशील ते घरात नको, बाहेर पडवीत ठेव."